फेरीबोटीचा हिशेब आणि बसचा हिशेब



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी त्रैराशिक शिकलो, त्या शाळेने आपल्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालविलेल्या या व्याख्यानमालेत मला पाचारण केले, यात माझ्या योग्यतेपेक्षा संस्थेच्या ममत्वाचाच भाग अधिक आहे. या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, इतिहास, शिक्षणशास्त्र अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींनी विवेचन केले. माझी हयात सरकारी लेखा खात्यात आकडेमोडीत गेली. त्यामुळे मी आज बसविषयी, अधिक नेमके सांगायचे तर बसच्या पैशाविषयी बोलणार आहे. विषय रुक्ष आहे हे मान्य. पण सरांना तो परका वाटला नसता. सकाळी हजेरी घेताना कुणी धापा टाकीत दारात उभा राहिला, तर ‘उशीर’ असा शेरा मारण्यापूर्वी सर गाव विचारीत. गाव नदीपलीकडचे असले तर मुलाला चार शब्द ऐकावे लागत, कारण एक फेरीबोट चुकली तरी दुसरी थोड्या वेळात मिळते हे त्यांना ठाऊक होते. गाव डोंगराच्या अंगाचे असले तर सर एवढेच विचारीत, “बस आली होती का रे?” आणि मुलाने मान हलवली की वही पुढे सरके.

नदी ओलांडणारा मुलगा वेळेवर येतो आणि डांबरी रस्त्याने येणारा येत नाही, हा उलटा प्रकार वर्गात आम्हांला कधी उलटा वाटला नाही. तो का घडत होता आणि आजही का घडतो, हे समजावून सांगण्याचा प्रयत्न मी करणार आहे.

प्रथम फेरीबोट. गोव्याच्या नद्यांवर नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी चालतात. चोडण-रायबंदर, जुने गोवे-दिवाडी हे मार्ग आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालचे आहेत. या साध्या फेरीबोटीत पायी येणाऱ्या उतारूकडून पैसे घेतले जात नाहीत. बोटीला तेल लागते, खलाशांना वेतन लागते, गोदीत दुरुस्ती लागते, आणि हा सारा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पातून होतो. तरीही अमुक धक्क्यावरची फेरीबोट तोट्यात आहे म्हणून ती बंद करावी, असे विधान मी सरकारी फायलींत क्वचितच वाचले. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा पणजी आणि बेती यांच्यामध्ये माणसांचा लोंढा फेरीबोटींवर येऊन पडला. तेव्हाही माणशी किती खर्च येतो हा प्रश्न कुणी केला नाही. पूल गेला होता आणि फेरीबोट पुलाच्या जागी उभी होती. फेरीबोट ही रस्त्याचाच एक तुकडा आहे असे आपण गृहीत धरले आहे, आणि रस्त्याला नफा होतो की तोटा हे कुणी विचारीत नाही.

आता बस. फेरीबोटीतून उतरलेला तोच माणूस धक्क्यावरच्या बसमध्ये चढला की हिशेबाची वही बदलते. येथे तिकीट आहे, उत्पन्न आहे आणि म्हणून तोटाही आहे. मार्ग ‘परवडत नाही’ हा शब्दप्रयोग येथे सुरू होतो. नदीचे पाचशे मीटर पाणी हा रस्ता आणि पुढची वीस किलोमीटर बस हे दुकान, अशी ही विभागणी कुणी विचारपूर्वक केलेली नाही. ती इतिहासाने घडली आहे. तो इतिहास आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेला आहे.

जुनी माणसे जिला ‘कारेर’ म्हणत ती खाजगी बस मुक्तीनंतरही दीर्घकाळ गोव्याच्या प्रवासाचा आधार होती. शेजारच्या महाराष्ट्रात आणि म्हैसूर राज्यात सरकारी परिवहन मंडळे उभी राहिली, परंतु गोव्यात बस ही बहुतांशी मालकाची राहिली. मालक बस घेई, मार्ग निवडी, आणि जेथे माणसे दाटीने मिळतात तेथे ती चालवी. कंडक्टरच्या शिट्टीबरोबर येणारी “फुडें वच, फुडें वच” ही हाक ज्याने ऐकली नाही तो गोव्यात राहिलाच नाही, असे म्हणायला हरकत नाही. या व्यवस्थेत विद्यार्थी हा सर्वांत निरुपयोगी उतारू होता. तो गर्दीच्या वेळी येई, दप्तरासह जागा अडवी आणि त्याच्या खिशात पैसे नसत.

१९७८-७९ मध्ये गोव्यातील विद्यार्थ्यांनी बसभाड्यात निम्मी सवलत मागितली. तेव्हा शशिकला काकोडकर मुख्यमंत्री होत्या. मी त्या वर्षी महाविद्यालयात होतो, मोर्चात चाललो आहे, आणि आमच्या हातांतील फलकांवर काय लिहिले होते ते मला आठवते. त्यावर ‘५० टक्के’ एवढेच होते. आंदोलन चिघळले, महाविद्यालये बंद पडली, लाठ्या चालल्या. अखेरीस निम्म्या भाड्याची सवलत पदरात पडली, आणि पुढे १९८० मध्ये, प्रतापसिंह राणे यांच्या कारकिर्दीत, कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाले. विद्यार्थ्यांनी भाडे मागितले होते. त्या मागणीने हलविलेल्या वातावरणात केंद्रशासित गोव्याला स्वतःची सरकारी बस मिळाली. गोव्यात सार्वजनिक वाहतुकीसाठी लोकांनी केलेल्या चळवळींत याहून मोठे यश मला माहीत नाही. आपल्या शाळेतून त्या चळवळीत गेलेले काही जण आज समोर बसले आहेत. त्यांना मी आदरपूर्वक वंदन करतो आणि त्यांच्याबरोबरच स्वतःवरही एक आक्षेप घेतो. सवलतीचा उरलेला अर्धा भाग कोण भरणार, हे आमच्या फलकावर नव्हते.

हा मुद्दा क्षुल्लक वाटेल. तो नाही, हे दाखविण्यासाठी मला सरांच्या पद्धतीने फळ्यावर एक उदाहरण मांडू द्या. आकडे समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. एका मार्गाची लांबी २० किलोमीटर धरू. बस चालविण्याचा सर्व खर्च, म्हणजे डिझेल, वेतन, टायर, दुरुस्ती, झीज, विमा, मिळून किलोमीटरमागे ६० रुपये धरू. एका खेपेचा खर्च १,२०० रुपये झाला. पूर्ण तिकीट ३० रुपये आणि सगळे उतारू शेवटपर्यंतचे. सकाळच्या खेपेला ५० माणसे आहेत. त्यांतली २० पूर्ण भाड्याची आणि ३० विद्यार्थी निम्म्या भाड्याचे. उत्पन्न ६०० आणि ४५० मिळून १,०५० रुपये. म्हणजे पाय ठेवायला जागा नसलेली, दारात मुले लटकलेली बससुद्धा १५० रुपये तोट्यात गेली! दुपारच्या खेपेला १२ उतारू मिळाले तर ३६० रुपये, आणि रात्रीच्या शेवटच्या खेपेला ८ मिळाले तर २४०. रात्रीच्या खेपेचा तोटा ९६० रुपये.

विद्यार्थ्यांच्या भाड्याचा उरलेला अर्धा भाग, ४५० रुपये, सरकारने रोखीने आणि वेळेवर भरला तर काय होते पाहा. सकाळच्या खेपेचे उत्पन्न १,५०० होते, ३०० रुपये शिल्लक पडतात आणि रात्रीच्या खेपेच्या तुटीचा जवळजवळ तिसरा हिस्सा तेथेच भरून निघतो. तो भरला नाही तर भार मालकावर पडतो. मालक खाजगी असला तर तो मुलांचा घोळका दिसताच गाडी थांब्याच्या पुढे नेऊन उभी करतो. याला आपण त्याचा दुष्टपणा म्हणतो. मीही म्हणत असे. पण सवलत जाहीर करण्याचे श्रेय एकाने घ्यायचे आणि तिची किंमत दुसऱ्याच्या गल्ल्यातून काढायची, ही रचनाच अशी आहे की तिच्यात सज्जन मालकालाही पुढे जाऊन थांबण्याचा मोह व्हावा.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती मला हिशेबनीस म्हणून सर्वांत महत्त्वाची वाटते. तोटा पाहून अधिकारी रात्रीची खेप बंद करतो. त्याला वाटते ९६० रुपये वाचले. प्रत्यक्षात चालकाचे वेतन, विमा, गाडीची झीज हे खर्च बहुतांशी चालूच राहतात. वाचते ते मुख्यतः डिझेल आणि टायर. समजा त्यामुळे ४०० रुपये वाचले. त्या खेपेचे २४० रुपयांचे उत्पन्नही गेले, म्हणजे खरी बचत १६०. आता सकाळच्या वीस पूर्ण भाड्याच्या उतारूंपैकी काही जण असे असतात, की ज्यांना कधी ना कधी रात्री उशिरा परतावे लागते. परतीची हमी गेली की ते स्कूटर घेतात आणि एकदा स्कूटर घेतली की सकाळीही बसमध्ये येत नाहीत. असे सहाच जण गेले तरी सकाळच्या खेपेचे १८० रुपये बुडाले. बचत संपली, वर २० रुपये तोटा. पुढच्या वर्षी सकाळच्या खेपेचा तोटा वाढलेला दिसतो आणि मग दुपारची खेप बंद करण्याचा प्रस्ताव येतो. रिकामी दिसणारी शेवटची बस भरलेल्या पहिल्या बसची विमापॉलिसी असते. कागदावर मात्र तिच्यापुढे फक्त आठ उतारू लिहिलेले असतात.

हे चक्र आपल्या राज्यात कोठवर आले आहे ते रस्त्यावर पाहावे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. नोंदलेल्या वाहनांचा आकडा आज त्या लोकसंख्येच्या घरात गेला आहे. त्यांतली फार मोठी संख्या दुचाकींची. अलीकडच्या वर्षांत राज्याच्या रस्त्यांवर वर्षाला अडीचशेहून अधिक माणसे मरतात आणि त्यांत दुचाकीवरच्यांचाच भरणा असतो. बसच्या तोट्याचा आकडा विधानसभेत वाचला जातो. हा दुसरा आकडाही वाचला जातो, पण दुसऱ्या खात्याच्या उत्तरात. कर्ज काढून मुलाला अठराव्या वर्षी दुचाकी घेऊन देणारा बाप बसच्या बंद खेपेची किंमतच भरत असतो. ती कोणत्याही महामंडळाच्या ताळेबंदात येत नाही.

येथे कुणी म्हणेल की हा व्यवस्थापनाचा दोष आहे आणि बस नीट चालविली तर ती फायद्यात चालते. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. कदंबने पणजी-मडगाव, पणजी-वास्को यांसारख्या मार्गांवर चालविलेली विनाथांबा शटल सेवा पाहा. खिडकीवर आधी तिकीट, शिस्तीची रांग, गाडी भरली की निघाली, आत कंडक्टर नाही. इतकी सुटसुटीत व्यवस्था मी मोठ्या शहरांतही फार पाहिली नाही. परंतु ती दोन मोठ्या शहरांमध्ये चालते, जेथे दोन्ही टोकांना दिवसभर माणसे आहेत. सत्तरीच्या किंवा काणकोणच्या आतल्या वाड्यावर रांग लावायला पुरेशी माणसेच नसतात. भरघोस मार्गाने दुबळ्या मार्गाला पोसावे हा जुना उपाय. पण त्यासाठी भरघोस मार्ग सरकारी बसच्या हातात हवा. आपल्याकडे त्या मार्गांवर खाजगी बसही धावतात आणि सकाळ-संध्याकाळची मलई वाटली जाते. रात्रीचे, पावसाळ्यातले आणि डोंगरातले जे उरते ते कदंबकडे येते, आणि मग कदंब तोट्यात म्हणून तिची हेटाळणी होते.

कायद्यातही हा गोंधळ आहे. इतर राज्यांतील बहुतेक परिवहन महामंडळे ज्या १९५० च्या केंद्रीय कायद्याखाली आली, त्याचे एक कलम महामंडळाला कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि सुसूत्र सेवा देण्याचे कर्तव्य सांगते आणि दुसरे कलम त्याने व्यापारी तत्त्वावर चालावे असे सांगते. पुरेशी सेवा आणि व्यापारी तत्त्व यांची गाठ रात्रीच्या शेवटच्या खेपेत पडते. कदंब तर कंपनी कायद्याखालची सरकारी कंपनी आहे. कंपनी म्हटले की नफातोटा पत्रक आले.

या सभागृहातील श्रोत्यांना मी एक प्रश्न विचारतो. आपल्या शाळेला सरकारकडून वेतन अनुदान मिळते. विद्यार्थ्यांच्या शुल्कातून शिक्षकांचे वेतन निघत नाही. म्हणून आपली शाळा तोट्यात चालते, असे कुणी म्हणतो काय? म्हणत नाही. शिक्षण ही समाजाने विकत घेतलेली सेवा आहे, शाळा ती पुरविते आणि अनुदान हा तिचा मोबदला आहे, हे आपण जाणतो. बसला दिलेल्या पैशाला मात्र आपण मदत म्हणतो, आणि मदत म्हटली की ती देणाऱ्याच्या मर्जीवर आणि वर्षअखेरीस उरलेल्या पैशावर अवलंबून राहते.

पैशाचा वाटा आधी कागदावर उतरला की रखडलेली गोष्ट कशी हलते, याचे उदाहरण आपल्या दारातून धावते. कोकण रेल्वेची मागणी कित्येक दशकांची. नाथ पै, मधु दंडवते यांनी ती संसदेत जागती ठेवली. डोंगर आणि नद्या हे अडथळे होतेच, परंतु खरा अडथळा पैशाचा होता. १९९० मध्ये दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना स्वतंत्र महामंडळ निघाले. भागभांडवलात रेल्वे ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा ६ आणि केरळ ६ असे वाटे ठरले. उरलेला पैसा मुख्यतः कर्जरोख्यांतून उभा केला आणि १९९८ च्या जानेवारीत मार्ग पूर्ण होऊन रोहा ते मंगळूर गाड्या धावू लागल्या. त्या मार्गाच्या आखणीवरून गोव्यात मोठा वाद झाला, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. येथे सांगायचे ते एवढेच, की कुणाचा वाटा किती हे ठरल्यावर आठ वर्षांत जे झाले, ते त्यापूर्वीच्या ठरावांनी आणि निवेदनांनी झाले नव्हते.

शहराच्या बसचा रोजचा खर्च भागविण्याचेही निरनिराळे मार्ग लोकांनी शोधले आहेत. मुंबईत बेस्ट उपक्रम १९४७ मध्ये महानगरपालिकेच्या मालकीचा झाला आणि पुढे कित्येक वर्षे त्याच्याच वीजपुरवठ्याच्या उत्पन्नातून बसची तूट भरून निघे. विजेच्या क्षेत्रात नियामक आयोग आले, कायदे बदलले आणि ती वाट अरुंद होत गेली. २०१९ च्या जुलैत बेस्टने किमान भाडे ८ रुपयांवरून ५ वर आणले. उतारू झपाट्याने वाढले, म्हणजे माणसांना बस नको असते हा समज खोटा ठरला. परंतु कमी भाड्याची भरपाई करणारा कायमचा स्रोत जोडलेला नव्हता, आणि २०२५ च्या मे महिन्यात किमान भाडे १० रुपये झाले. पुण्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका परिवहन कंपनीची तूट ६० आणि ४० या प्रमाणात वाटून घेतात. देणारा आणि प्रमाण दोन्ही आधीच ठरलेले आहेत, एवढी तरी त्यात शिस्त आहे. फ्रान्सने १९७१ मध्ये पॅरिस परिसरासाठी आणि नंतर इतर शहरांसाठी एक कर बसविला. तो नोकरी देणाऱ्या आस्थापनांनी आपल्या वेतनखर्चाच्या प्रमाणात भरायचा आणि सार्वजनिक वाहतुकीवरच खर्च व्हायचा. विचार असा, की कामगार वेळेवर कारखान्यात पोचतो याचा लाभ मालकालाही होतो, तेव्हा एकट्या तिकिटावर भार का टाकावा?

सर्वांत जवळचे उदाहरण चोर्ला घाट चढून गेल्यावर भेटते. कर्नाटकाने २०२३ च्या ११ जूनला महिलांना राज्यांतर्गत साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास दिला. बेळगावच्या आपल्या सोयऱ्यांकडे गेलात तर पाहा, कंडक्टर मोफत प्रवास करणाऱ्या बाईलाही तिकीट फाडून देतो. त्यावर शून्य रुपये असतात. ज्याचे पैसे घ्यायचे नाहीत त्याचे तिकीट कशाला, असे प्रथम मलाही वाटले होते. पण तो शून्याचा कागद म्हणजे सरकारच्या नावाने फाडलेली पावती आहे. अशी तिकिटे मोजून महामंडळ सरकारकडे पैसे मागते. ते पैसे पूर्ण आणि वेळेवर पोचतात असे नाही, थकबाकीच्या तक्रारी आहेत. तरी थकबाकी किती हे सांगता येते, कारण मोजदाद आहे. १९७९ च्या आमच्या सवलतीला असे शून्य तिकीट हवे होते!

गाड्या विकत घेण्याचा पैसा मिळणे त्या मानाने सोपे असते. केंद्राच्या योजना येतात, नव्या गाड्यांना हार घातले जातात, छायाचित्रे निघतात. गाडी रोज चालविण्याच्या पैशाला हार घालता येत नाही. आता विजेच्या बसगाड्या आल्या आहेत. कदंबच्या ताफ्यातही त्या आहेत आणि पणजी शहरात त्या धावतात. धूर नाही, आवाज नाही, हे खरेच सुखद आहे. अशा अनेक गाड्या आता ठेकेदाराच्या मालकीच्या असतात आणि त्याला धावलेल्या किलोमीटरमागे ठरलेला दर द्यावा लागतो, उतारू आठ असोत की ऐंशी. केंद्राच्या २०२३ च्या पीएम ई-बस सेवा योजनेत या चालविण्याच्या खर्चाला दहा वर्षे साहाय्य देण्याची तरतूद आली, तिला मी मोठी सुधारणा मानतो. मात्र किलोमीटरचा दर बांधला म्हणजे दरमहा रोख रक्कम देणे आले, आणि ती रक्कम आधी राखून ठेवली नसेल तर विजेची बसही डेपोत उभीच राहील.

एका नाजूक विषयाला हात घालतो. अनुदानित शाळांना सरकारने ‘बालरथ’ दिले. आपल्या आवारातही तो पिवळा रथ उभा आहे. मुले वेळेवर येतात, पालक निश्चिंत असतात, म्हणून त्याला नावे ठेवण्याची माझी प्राज्ञा नाही. पण लेखापालाची दृष्टी जात नाही. सकाळी मुले सोडून तो रथ सुटीपर्यंत उभा असतो, त्याच वेळी त्याच रस्त्यावर आजारी म्हातारी दवाखान्यात जायला बसची वाट पाहते. चालक आणि मदतनीस यांच्या वेतनाचा प्रश्न वारंवार संपापर्यंत जातो. आणि दुसरे असे, की बससाठी आवाज उठविणारा पालक हा गावातला सर्वांत जागरूक माणूस होता. त्याच्या मुलाची सोय झाली आणि तो आपल्या कामाला लागला. मागे राहिले ते उतारू फारसे अर्ज लिहीत नाहीत.

मग अर्ज कसा लिहावा? ‘आमच्या गावाला बस द्यावी’ असे निवेदन द्यायचे आणि आश्वासन घेऊन परतायचे, यात आपली पुष्कळ वर्षे गेली. मी फायलीच्या दुसऱ्या बाजूला बसलेला माणूस आहे, म्हणून सांगतो. नुसत्या तक्रारीला उत्तर देणे सोपे असते. नोंदीला उत्तर देणे कठीण जाते. बस किती वाजता यायला हवी होती, किती वाजता आली, थांब्यावर किती माणसे मागे राहिली, हे तीन महिने रोज वहीत लिहिले तर ती वही कोणत्याही अधिकाऱ्याला अस्वस्थ करील. खाजगी बसच्या परवान्याला वेळापत्रकाची अट असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने परवाना देणाऱ्याला ती अट घालता येते, आणि संध्याकाळची खेप परस्पर गाळणारा मालक त्या अटीचा भंग करीत असतो. त्या परवान्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. दुसरे, वेळ. अर्थसंकल्प मार्चच्या आसपास मांडला जातो म्हणून लोक फेब्रुवारीत शिष्टमंडळ नेतात. खात्यांचे अंदाज चवथ होऊन दिवाळी येईपर्यंत आकार घेऊ लागतात. मागणी तेव्हा पोचली पाहिजे, आणि ती बसची नको, रकमेची हवी. अमुक मार्ग, दिवसाला इतक्या खेपा, त्याचा वर्षाचा खर्च इतका, अपेक्षित उत्पन्न इतके, उरलेल्या इतक्या रुपयांची तरतूद परिवहनाच्या मागणीत या शीर्षाखाली करावी. वाहनकर, इंधनावरचा कर, शहरातील पार्किंगचे शुल्क हे पैसे सरकारकडे येतातच. त्यांतला ठरावीक हिस्सा बसच्या किलोमीटरसाठी कायद्याने बांधून द्यावा, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात येऊ शकते. प्रादेशिक आराखडा २०११ चे नकाशे गावोगावी लोकांनी स्वतः वाचले आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. नकाशा वाचायला शिकलेल्या ग्रामसभेला अर्थसंकल्पाचे एक पान वाचणे जड जाऊ नये.

आणि हे काम करायला शाळेइतकी सोयीची जागा नाही. येथे रोज ठरलेल्या वेळी येणारी दीडदोनशे घरांतली मुले आहेत, वह्या आहेत आणि गणिताचे शिक्षक आहेत. माझी संस्थेला विनंती आहे की येत्या जूनपासून दहावीच्या मुलांनी आपापल्या थांब्याची नोंद ठेवावी. तीन महिन्यांच्या बेरजा झाल्या की त्यांचा ताळा करून देण्याचे काम मी करीन. सरांनी गुण दिले असते की नाही सांगता येत नाही, पण वही पाहिली असती.

मला दिलेली वेळ संपत आली आहे. आपल्यापैकी जे डोंगराच्या अंगाला राहतात त्यांची शेवटची बस सव्वासातला आहे, आणि आता सात वाजून पाच मिनिटे झाली आहेत. आभारप्रदर्शन थोडक्यात आटोपावे अशी अध्यक्षांना विनंती करून मी रजा घेतो.